पुढे ढकललेलं वर्ष

१२ जुलै

मिळालं! कॉलेजचा मेल आला. माझी सीट एक वर्ष राखून ठेवणार. मेकॅनिकल, पुढच्या वर्षी, पक्कं.

आईने मेल दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "म्हणजे आता कोणी काढून घेऊ शकत नाही ना?" बाबा जेवत होते. वर न बघता म्हणाले, "वर्ष पुढे ढकललं म्हणजे काय केलं? कपाट आहे का ते?"

बाबा बस डेपोत ब्रेक फिटर आहेत. मी म्हटलं, "तुम्ही अठ्ठावीस वर्षं बसखाली झोपून काढलीत, म्हणून तुम्हाला सगळं खालून दिसतं." आई हसली. ते नाही हसले.

वर्ष का पुढे ढकललं, ते मी त्यांना शंभर वेळा सांगितलंय. शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी कृत्रिम पायांच्या वर्कशॉपमध्ये गेले होते, फक्त दोन तास. तिथे एका बाईंना नवीन पाय लावला. त्या उभ्या राहिल्या आणि पहिलं काय केलं, तर साडीचा काठ नीट केला. मी तिथेच ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा, कोणीही सांगितलेलं नसताना. एक वर्ष हाताने शिकायचं, मग पुस्तकातून.

डायरी मराठीत लिहिणार आहे. इंग्रजीत लिहिलं की मिस मार्क देणार असं वाटतं आणि मी आपोआप चांगली वागायला लागते.

१५ जुलै

वर्कशॉपमधला पहिला दिवस. झाडू मारला. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, आता माझ्या नाकातसुद्धा आहे.

पाय बनवणारे मिस्त्री मला नावाने हाक मारत नाहीत. "ए कॉलेज, पाणी आण." "ए कॉलेज, सरक." पट्टे शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मनावर नको घेऊ गं. मला ते अकरा वर्षं 'शिलाई' म्हणतात."

मी मिस्त्रींना एका दिवसात चौदा प्रश्न विचारले. मावशींनी मोजले.

२० जुलै

आज पूर्ण प्रोसेस समजली! लिहून ठेवते.

उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. सुकल्या की मोज्यासारख्या काढायच्या. त्यात प्लास्टर ओतलं की त्या पायाचा भरीव साचा मिळतो. मग मिस्त्री कानस घेऊन साचा कोरतात. मांस आहे तिथे घासायचं, कारण मांस वजन घेतं. हाड आहे तिथे उलट प्लास्टरची भर घालायची, म्हणजे वरून सॉकेट, पाय ज्यात बसतो ती वाटी, बनलं की तिथे आत पोकळी राहते आणि हाडाला टेकत नाही. शेवटी सॉकेट तयार झालं की आतला साचा फोडून टाकायचा. इतकं काम करून फोडायचा!

मिस्त्रींचा एकच नियम आहे. "पेशंटला विचारायचं नाही. पेशंट खोटं बोलतो. कातडीला विचारायचं." म्हणजे पाय लावून दहा मिनिटं चालवायचं, मग काढून बघायचं लाल कुठे झालंय.

मला वाटतं हे जरा रूड आहे. माणसाला विचारायला काय हरकत आहे?

९ ऑगस्ट

आज लिफ्टकाका आले. एका जुन्या दहा मजली बिल्डिंगमध्ये लिफ्ट चालवतात. शुगरमुळे डावा पाय गेला, पण गुडघ्याखाली. आल्या आल्या मला म्हणाले, "काय पोरी, वर जायचं का खाली?" मी हसले तर म्हणाले, "माझा तर एक खालचा मजला पाडलाच डॉक्टरांनी."

काकू कोपऱ्यात बसून म्हणाल्या, "यांचे विनोद ऐकून ऐकून माझे कान गेले, ते कोणी नवीन बनवून देतं का?"

त्यांना एक सप्टेंबरला लिफ्टवर हजर व्हायचंय, नाहीतर बिल्डिंगवाले दुसरा माणूस ठेवणार. किंवा बटणांवर चालणारी लिफ्ट, जिला माणूसच लागत नाही. काका म्हणाले, "तिला जोक येतात का विचारा."

ते गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "याचा गुडघा आहे, नशीबवान आहे. गुडघा असला तर माणूस चालतो. गुडघा गेला तर चालायला नव्याने शिकावं लागतं. आणि साठीला टेकल्यावर फार कमी जण शिकतात."

त्याआधी, काका निघताना, मी त्यांना प्रॉमिस केलं होतं, एक तारखेला लिफ्टमध्ये. मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला.

१८ ऑगस्ट

आजचा दिवस मी फ्रेम करून ठेवणार.

मिस्त्रींनी काकांचा साचा कोरून ठेवला होता. दुपारी त्यांना हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. जाताना म्हणाले, "पॉलिशपेपर मार हलक्या हाताने. फक्त धूळ काढायची." म्हणजे पहिल्यांदा मला साचा दिला! झाडू नाही, साचा!

मी तीन तास बसले. हलकं हलकं करत सगळं एकसारखं केलं. मिस्त्रींचा हात घाईचा आहे, कुठे कुठे खरखरीत राहिलं होतं. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला तर प्लास्टरचा एक थेंब वाळून बसला होता, अर्ध्या बदामाएवढा. तोही काढला. शेवटी साचा इतका गुळगुळीत झाला की गाल लावून बघितला. खरंच लावला.

मिस्त्री संध्याकाळी आले, दारातूनच बघितलं. "बरा दिसतोय," म्हणाले. बरा!! मावशी म्हणाल्या, त्यांनी लग्नात बायकोलाही इतकंच म्हटलं होतं. लगेच सॉकेट चढवायला घेतलं.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "आणि त्यांनी तपासलं?" मी म्हटलं, "बघितलं ना." "बघितलं का तपासलं?" यांना आनंद म्हणून होतच नाही.

२६ ऑगस्ट

काका चालले! दोन दांड्यांच्या मधून, आधी धरून, मग न धरता. काकू रडल्या. मी पण.

मिस्त्री शेजारच्या खोलीत एका लहान मुलीच्या पायाशी झटत होते, ती किंचाळत होती. मला ओरडून सांगितलं, "दहा मिनिटांनी काढून बघ." मी दहा मिनिटांनी विचारलं, "काका, दुखत नाही ना?" काका म्हणाले, "छे गं! लोण्यात ठेवल्यासारखा आहे. आता काढू नकोस बाई, परत चढवायला लावशील. मला असाच रस्त्यावरून जाऊ दे." कपाळावर घाम होता, पण आज उकडतही फार होतं.

आता असं म्हटल्यावर कसं काढायला लावणार? मी काकांच्या कार्डावर लिहिलं, 'लाली नाही'. नसेलच. साचा मी स्वतः घासलाय.

३ सप्टेंबर

काकांच्या लिफ्टमध्ये बसून दहा मजले वर, दहा मजले खाली! त्यांनी प्रत्येक मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, "हा पाय हिने बनवलाय." मी लाजून म्हटलं, "मी फक्त घासला हो." पण खरं सांगू, आवडलं.

त्यांनी स्टूल घेतलंय, पाय सरळ पसरून बसतात. एरवी उभेच असायचे म्हणे. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "काय हो, दमलात?" काका म्हणाले, "राजा कधी उभा राहतो का?"

मी निघताना विचारलं, "दुखत नाही ना?" ते म्हणाले, "तुला बघितलं की नाही दुखत."

किती गोड आहेत.

१९ सप्टेंबर

लिहायला हवं.

सकाळी काकू एकट्या आल्या. सॉकेट पिशवीतून आणलं होतं. काका हॉस्पिटलमध्ये. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जखम झालीय, आतपर्यंत. काकू म्हणाल्या, "आतला मोजा रोज स्वतःच धुवायचे. मला म्हणायचे, तू नको हात लावू. काल ताप चढला तेव्हा मी बघितलं. वास येत होता."

मिस्त्रींनी सॉकेटमध्ये बोट घातलं आणि सावकाश फिरवलं. एका जागी थांबलं. तिथे हाडाचं टोक येतं. तिथे पोकळी हवी होती.

तो थेंब नव्हता.

ती भर होती. त्यांनी घातलेली भर. मी स्वतः वीस जुलैला लिहून ठेवलंय, पान उलटून बघितलं. हाड आहे तिथे भर. लिहिलंय, माझ्याच अक्षरात, परिच्छेदाच्या शेवटी उद्गारचिन्ह आहे.

मिस्त्रींनी सॉकेट फडक्यात गुंडाळून ठेवलं. माझ्याकडे बघितलं पण नाही. म्हणजे त्यांना कळलेलं नाही.

२० सप्टेंबर

वर्कशॉपला गेले नाही. आईला सांगितलं पोट दुखतंय.

कदाचित शुगरमुळे झालं असेल. शुगरवाल्यांना जखमा होतातच, कशानेही होतात. कदाचित त्यांनी पाय दिवसभर लावून ठेवला. सुरुवातीला दोनच तास लावायचा असतो, ते कार्डावर छापलंय. कदाचित भर असती तरी झालं असतं.

हे सगळं लिहून बघितलं. लिहिल्यावर आणखी घाण वाटलं.

आणि मी कातडी बघितली नाही. ते तर शुगरने केलं नाही ना.

२१ सप्टेंबर

कॉलेजला मेल केला. लिहिलं की माझा विचार बदललाय, याच वर्षी येऊ शकते का? इंग्रजी किती छान आलं. 'आफ्टर केअरफुल कन्सिडरेशन'. एकही शब्द खरा नाही, आणि ग्रामरची एकही चूक नाही.

२४ सप्टेंबर

वर्कशॉपला गेले. घरी राहून वेड लागलं असतं.

हॉस्पिटलचे डॉक्टर वर्कशॉपमध्ये आले आणि सगळ्यांसमोर मिस्त्रींवर ओरडले. "चाळीस वर्षं काम करताय आणि फिब्युलाच्या हाडावर रिलीफ नाही, पोकळी नाही? शिकाऊ पोरंसुद्धा ही चूक करणार नाहीत!"

मिस्त्री टॉवेलने हात पुसत होते. म्हणाले, "माझी चूक आहे साहेब."

मी चार पावलांवर उभी होते. तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आवाज आला नाही.

डॉक्टर गेल्यावर मिस्त्रींनी कामाच्या वहीत लिहिलं, ते मी नंतर वाचलं. 'साचा माझ्या हातचा. तपासणी माझी. चूक.' खाली सही.

त्यांना अजून कळलं नाहीये. त्यांना वाटतंय ते स्वतःच भर घालायला विसरले. आता सांगितलं तर त्यांना किती राग येईल. मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "माणूस म्हातारा झाला की विसरतो, असं आता सगळे म्हणतील. म्हणू देत." मग धागा दाताने तोडला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला का सांगत होत्या कोण जाणे.

२७ सप्टेंबर

दोन बातम्या.

कॉलेजने हो म्हटलं. तीस तारखेला सकाळी दहा वाजता हजर राहायचं, नाहीतर पुढच्या वर्षीच. बाबांनी फोनवर मेल वाचला, बोट ठेवून, एकेक शब्द. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी शेवटचं कधी केलं होतं आठवत नाही.

दुसरी. जखम हाडापर्यंत गेलीय. अँटिबायोटिक चालू आहे, पण तीस तारखेला ठरवणार. गुडघा ठेवायचा की नाही.

मी देव मानत नाही. आज बाथरूममध्ये नळ सोडून हात जोडले. माझं बोट घ्या म्हटलं, एक, दोन, कितीही. कोणाला म्हटलं माहीत नाही.

२८ सप्टेंबर

बाबांनी नवीन बॅग आणली. तिच्या सगळ्या चेन स्वतः उघडून बंद करून तपासत बसले होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. थेंब, गाल लावलेला, 'लाली नाही', डॉक्टर, सगळं.

बराच वेळ ते तीच चेन उघडत होते आणि लावत होते.

"त्या माणसाला सांगितलंस?"

"नाही."

"मिस्त्रींना?"

"नाही. पण बाबा, तीस तारखेला मी जाईनच ना आता. तुम्हाला हवं तेच होतंय."

"मला काय हवंय ते नंतर बघू. कॉलेजात कशाला चाललीस? शिकायला का लपायला?"

मी रडायला लागले. मला वाटलं जवळ घेतील. त्यांनी नाही घेतलं. ते बॅगेशी बोलल्यासारखं बोलायला लागले.

"तू तीन वर्षांची होतीस. मी एक बस सोडली. ब्रेकची एक पिन बसवायची राहिली होती. उतारावर ड्रायव्हरने भिंतीला घासून घासून थांबवली. कोणी मेलं नाही. चौकशीत निघालं, पिन जुनी होती, तुटली असेल. मी गप्प राहिलो. सगळे ड्रायव्हरला म्हणाले, तू देवासारखा. मागच्या वर्षी तो रिटायर झाला. जाताना मला मिठी मारली, म्हणाला, तुझ्या भरवशावर गाडी चालवली आयुष्यभर. मी असा उभा होतो. लाकूड."

आई दारात होती. तिलाही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसलं.

बाबा उठले. बॅग कपाटाच्या वर ठेवली. "पुढच्या वर्षी लागेल," म्हणाले.

२९ सप्टेंबर

मिस्त्रींना सांगितलं. ते कानस साफ करत होते, थांबले नाहीत.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बोट घातलं तेव्हापासून. मी घातलेली भर मला माहीत नसेल?"

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"तुझं नाव घेऊन त्याचं हाड भरून येणार होतं? सॉकेट चढवायच्या आधी मी साच्यावरून हात फिरवतो. चाळीस वर्षं फिरवतोय. त्या दिवशी दारातून बघितला, छान दिसला, नाही फिरवला. माझं होतं ते मी लिहिलं. तुझं लिहायला तू यायला हवी होतीस."

वही पुढे सरकवली. मी त्यांच्या सहीखाली लिहिलं. तीन ओळी झाल्या. मराठीत. शुद्धलेखनाच्या चुका असतील.

मी विचारलं, "मला काढून टाकणार?"

"उद्या हॉस्पिटलमध्ये जा. परवा झाडू घे. कानशीला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत." मग थोड्या वेळाने, "सांगेनच असंही नाही."

त्यांनी मला कॉलेज म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

३० सप्टेंबर

दहा वाजता मी कॉलेजात नव्हते. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये काकूंच्या शेजारी होते.

पावणेबाराला डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर आले. गुडघा नाही ठेवता आला. मांडीच्या मध्यापासून पाय काढावा लागला.

मी काकूंना तिथेच सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, मग सांगायला हवं होतं, काय हवं होतं मला माहीत नाही. त्यांनी ऐकलं आणि त्या दोन खुर्च्या सोडून जाऊन बसल्या. मी तिथेच बसून राहिले. त्यांनी जा म्हटलं नाही आणि बस पण म्हटलं नाही.

४ ऑक्टोबर

झाडू. प्लास्टर. मावशींनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला, तेवढंच.

बिल्डिंगवाल्यांनी बटणांची लिफ्ट बसवायचं नक्की केलं. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांनी काकूंना फोन करून सांगितलं.

६ ऑक्टोबर

आज काकांना भेटले. पांघरूण डावीकडे एकदम सपाट होतं. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते आणि तिकडेच बघितलं.

मी बोलायला सुरुवात केली. पाठ केलं होतं. दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी हात वर केला.

"हिने सांगितलं मला."

जोक केला नाही. मी वाट बघत होते, लाज वाटते लिहायला, पण मी खरंच जोकची वाट बघत होते.

"दुखत होतं गं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. फार नाही, शुगरने अर्धं बधिरच आहे. पण टोचत होतं. घरी काढला तर तिथे लाल गोल होता, नाण्याएवढा."

"मग का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं. दोनदा विचारलं."

"तू विचारायचीस कशी, आठव. असे डोळे मोठे करून, हसून, दुखत नाही ना? म्हणजे दुखत असेल तर तुझं वाईट झालं. कसं सांगणार? सगळ्या मजल्यांवर सांगून बसलो होतो, पोरीने पाय केला म्हणून." त्यांनी छताकडे बघितलं. "माझीही चूकच. पण गुडघा माझा गेला, त्यामुळे मला जास्त बोलायचा हक्क आहे."

काकू खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या.

मी विचारलं, मी परत येऊ का? जखम भरली की नवीन पाय करायला लागेल, गुडघ्यासकट, त्याचा सराव फार असतो, महिने लागतात, बरेच जण मधेच सोडून देतात. मला रोज येता येईल. माझ्याकडे वर्ष आहे.

काकांनी पांघरुणाची कड सरळ केली. मग म्हणाले, "ये. पण हसत येऊ नकोस. मला खोटं बोलावं लागतं."